इटलीतील अभ्याससहल

शाळेची सहल तुम्ही अनेकदा अनुभवली असेल. डबा, गाणी, बसमधल्या खिडकीसाठी भांडण आणि परत येताना गाढ झोप! अशी सहल मलाही आवडते. पण अभ्याससहल ही तिची थोरली बहीण आहे. तिच्यात मजा असते आणि कामही असते. ती परदेशात असेल तर सर्वांत जास्त काम गटप्रमुखाला करावे लागते.

या पाठात आपण एक कल्पना करू. तुमच्या शाळेतील अठरा विद्यार्थ्यांचा गट दहा दिवसांसाठी इटलीला निघाला आहे आणि त्या गटाचे प्रमुख तुम्ही आहात. तुम्ही काय काय कराल? २०२४ साली दिवाळीच्या सुट्टीला दोन दिवस जोडून अशाच एका गटाबरोबर मी शिक्षक म्हणून गेलो होतो. काही गोष्टी नीट जमल्या, काही चुकल्या. दोन्ही तुम्हांला सांगतो.

प्रथम नकाशा उघडा. युरोपच्या दक्षिणेला भूमध्य समुद्रात घुसलेला, गुडघ्यापर्यंतच्या बुटासारखा एक देश दिसेल. तो इटली. बुटाच्या टोकाजवळ एक तिकोनी बेट आहे. जणू बूट त्या बेटाला ठोकर मारतो आहे! ते बेट म्हणजे सिसिली. रोम ही राजधानी बुटाच्या मध्यभागी आहे. तिच्या दक्षिणेला नेपल्स आणि सिसिलीच्या उत्तर किनाऱ्यावर पालेर्मो.

इटलीला जाण्यासाठी शेंगेन व्हिसा लागतो. त्या एका व्हिसावर युरोपातील बऱ्याच देशांत जाता येते. त्यासाठी बोटांचे ठसे द्यावे लागतात. किमान ३०,००० युरोंचा प्रवासी आरोग्य विमा काढावा लागतो. मुले अठरा वर्षांखालील असतील तर आई आणि वडील या दोघांचेही संमतिपत्र लागते. एखाद्याचे वडील नोकरीसाठी सौदी अरेबियात किंवा कुवेतमध्ये असतात. मग त्यांची सही मागवण्यातच महिना जातो. म्हणून हे काम पाच-सहा महिने आधी सुरू करा.

आता खरा प्रश्न. काय पाहायचे? त्याहून अवघड प्रश्न, काय सोडायचे? पुष्कळ गट एका आठवड्यात रोम, फ्लॉरेन्स, पिसा, व्हेनिस आणि मिलान अशी पाच शहरे उरकतात. असे गट मी तेथे पाहिले. मुले बसमध्ये झोपलेली असतात. बस थांबली की उतरतात, फोटो काढतात आणि पुन्हा झोपतात. आम्ही तीनच शहरे निवडली. रोम, नेपल्स आणि पालेर्मो. फ्लॉरेन्स आणि व्हेनिस गाळले म्हणून काही पालक नाराज झाले. "इतके पैसे भरले, आणि पाण्यातले शहर दाखवणार नाही?" असे एका मुलाचे अब्बा मला म्हणाले. त्यांचे म्हणणे मला समजत होते. तरीही तीन शहरे हाच निर्णय योग्य होता, असे मला आजही वाटते.

निघण्यापूर्वी आम्ही प्रत्येकाला एक वही दिली. वहीच्या प्रत्येक पानाच्या मधोमध उभी रेघ होती. उजव्या बाजूला मथळा होता, 'मी पाहिले'. डाव्या बाजूला मथळा होता, 'मला सांगितले'. डोळ्यांना जे दिसते ते उजवीकडे लिहायचे. मार्गदर्शकाने, पाटीने किंवा पुस्तकाने जे सांगितले ते डावीकडे. काम सोपे वाटते ना? मुलांनाही आधी सोपे वाटले.

रोममध्ये पँथिऑन नावाची एक फार जुनी इमारत आहे. तिच्या दर्शनी भागावर मोठ्या लॅटिन अक्षरांत एक लेख कोरलेला आहे. मार्कस अग्रिप्पाने ही इमारत बांधली, असा त्याचा अर्थ. मुलांनी लगेच उजव्या बाजूला लिहिले, 'ही इमारत अग्रिप्पाने बांधली.' मी विचारले, "तुम्ही अग्रिप्पाला बांधताना पाहिले का?" सगळे हसले. खरी गोष्ट अशी आहे. अग्रिप्पाने बांधलेली मूळ इमारत जळून गेली. आज दिसते ती इमारत सम्राट हेड्रियनच्या काळात, इसवी सन १२६ च्या सुमारास पुरी झाली. हेड्रियनने जुन्या बांधणाऱ्याचे नाव तसेच ठेवले. मग हे कळले कसे? रोमन लोक विटांवर शिक्के मारीत. त्या शिक्क्यांवरून विटांचा काळ ठरवता येतो. दगडावरचा लेख एक सांगतो आणि भिंतीतील विटा दुसरेच सांगतात!

पँथिऑनचा घुमट आतून सुमारे ४३ मीटर रुंद आहे. जमिनीपासून घुमटाच्या माथ्यापर्यंतची उंचीही तेवढीच. विजापूरचा गोल घुमट तुमच्यापैकी काहींनी पाहिला असेल. त्याचा आतील व्यास सुमारे ३८ मीटर आहे आणि तो पँथिऑननंतर दीड हजार वर्षांनी बांधला गेला. पँथिऑनचा घुमट काँक्रीटचा आहे, पण त्यात लोखंडी सळ्या नाहीत. तरी तो एकोणीसशे वर्षे उभा आहे. याचे एक कारण असे. रोमन गवंड्यांनी काँक्रीटमध्ये खाली जड दगड वापरला आणि वर जाताना हलका दगड घातला. अगदी माथ्याजवळ तर सच्छिद्र ज्वालामुखी दगड आहे. मध्यभागी सुमारे नऊ मीटरचे गोल उघडे भोक आहे. तेथून ऊन येते आणि पाऊसही येतो. फरशीला बारीक छिद्रे आहेत, त्यांतून पाणी निघून जाते. आम्ही मुलांना पाऊण तास तेथेच बसवले. उन्हाचा गोल तुकडा भिंतीवर हळूहळू सरकत होता. एका मुलीने त्याच्या कडेची खूण लक्षात ठेवून दहा मिनिटांत तो किती सरकला ते पाहिले. हे तिला कोणी सांगितले नव्हते.

आता माझ्या चुकीकडे येतो. ती नीट वाचा, कारण गटप्रमुखाचे पहिले काम मुलांना मोजणे हे आहे. बाकी सर्व त्यानंतर.

तेर्मिनी हे रोमचे सर्वांत मोठे रेल्वेस्थानक. त्याच्याखाली भुयारी रेल्वेचे दोन मार्ग एकमेकांना मिळतात. आम्हांला कोलोसियम पाहायला जायचे होते. तेर्मिनीनंतर काव्हूर आणि त्यानंतर कोलोसियो, म्हणजे दोनच स्थानके. फलाटावर गर्दी होती. गाडी आली, मुले चढली, दारे बंद झाली. नववीतला एक मुलगा फलाटावरच राहिला. काचेतून त्याचा चेहरा मला दिसला आणि गाडी सुटली.

मी काव्हूरला उतरलो. बाकीचे दोन शिक्षक इतर मुलांना घेऊन पुढे गेले. उलट दिशेची गाडी पकडून मी तेर्मिनीला परत आलो. फलाटावर मुलगा नव्हता! मी त्या फलाटाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत तीन वेळा गेलो. निळी टोपी कोठेच दिसेना. त्याच्याजवळ फोन नव्हता. त्याची अम्मी विमानतळावर माझ्याशी काय बोलली होती ते मला आठवू लागले. वीस-पंचवीस मिनिटांनी सहशिक्षिकेचा फोन आला. मुलगा कोलोसियोला पोचला होता. तो मागच्याच गाडीत चढला आणि दोन स्थानके मोजून बरोबर उतरला. मी त्याला शोधायला मागे येत होतो, तेव्हा तो माझ्याशेजारून पुढे जात होता.

मला त्याला रागवावेसे वाटले. पण चूक त्याची नव्हती. त्याने डोके चालवले होते. चूक माझी होती. 'हरवलात तर घाबरू नका' एवढेच मी मुलांना सांगितले होते. घाबरायचे नाही, पण करायचे काय, हे सांगितलेच नव्हते. त्या संध्याकाळी आम्ही नियम ठरवला. फलाटावर राहिलेल्याने तेथेच, त्याच जागी थांबायचे. शिक्षक परत येतील. एखादा एकटाच गाडीत पुढे गेला तर त्याने पुढच्या स्थानकावर उतरून तेथेच उभे राहायचे. प्रत्येकाच्या खिशात हॉटेलचा पत्ता, शिक्षकांचे फोन क्रमांक आणि ११२ हा युरोपातील आपत्कालीन क्रमांक लिहिलेली चिठ्ठी हवी. नियम मराठीत सांगितला, उर्दूत सांगितला आणि मग प्रत्येकाकडून वदवून घेतला.

मोजण्याची पद्धतही बदलली. तोपर्यंत मी नुसती डोकी मोजत होतो. मुले हलत असतात, त्यामुळे एखादे डोके दोनदा मोजले जाते. मग आम्ही प्रत्येकाला एक ते अठरा असे क्रमांक दिले. "गिनती!" म्हटले की ज्याने त्याने आपला क्रमांक मोठ्याने म्हणायचा. एखादा आकडा आला नाही की कोण नाही ते लगेच कळते. चौथ्या दिवसापासून मुले इटालियनमध्ये मोजू लागली. ऊनो, दुए, त्रे, क्वात्त्रो, चिंक्वे... शेवटचा मुलगा 'दिचोत्तो' म्हणजे अठरा असे ओरडला की रस्त्यावरचे लोक हसून टाळ्या वाजवीत.

कोलोसियममध्ये याच विषयाचा धडा मिळाला. सम्राट टायटसच्या काळात, इसवी सन ८० मध्ये हे प्रचंड लंबगोल रंगमैदान खुले झाले. त्याला भोवताली ऐंशी कमानी होत्या. बहुतेक कमानींवर क्रमांक कोरलेले होते. प्रेक्षकाने आपापल्या क्रमांकाच्या कमानीतून आत जायचे. बाहेरची भिंत आज अर्धीच उरली आहे, पण तिच्या कमानींवर २३ पासून ५४ पर्यंतचे क्रमांक अजून वाचता येतात. हे घड्याळावर असतात तसे रोमन अंक आहेत. मान वर करून ते शोधायला मुलांना फार मजा आली. हजारो माणसांची गर्दी त्या काळच्या लोकांनी आकड्यांनी सांभाळली होती आणि मला अठरा मुले सांभाळता आली नाहीत!

गटप्रमुखाला लागणाऱ्या काही छोट्या गोष्टी येथे सांगून टाकतो. इटलीतील सरकारी संग्रहालये आणि प्राचीन स्थळे अठरा वर्षांखालील सर्वांना विनामूल्य असतात. मात्र वेळ आधी राखून ठेवावी लागते, आणि वयाचा पुरावा म्हणून पासपोर्ट जवळ हवा. चर्चमध्ये जाताना खांदे आणि गुडघे झाकलेले असावे लागतात. आमच्या मुलींना काहीच अडचण आली नाही. अर्ध्या चड्डीतल्या दोन मुलांना मात्र दारातून परत यावे लागले. रेल्वेचे संप तेथे वारंवार होतात. संपाला 'शोपेरो' म्हणतात. हा शब्द स्थानकावर दिसला की चौकशी करा. घड्याळाचीही एक गंमत आहे. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी युरोपातील घड्याळे एक तास मागे जातात. २०२४ मध्ये तो रविवार २७ तारखेला आला. फोनमधले घड्याळ आपोआप बदलले, मनगटावरचे बदलले नाही. त्यामुळे चार मुले एक तास आधीच नाश्त्याला येऊन बसली.

पिण्याच्या पाण्यासाठी रोममध्ये पैसे मोजू नका. रस्त्यांवर लोखंडाचे बुटके नळ आहेत. त्यांतून दिवसरात्र थंड, पिण्याजोगे पाणी वाहते. नळाच्या वाकड्या तोटीमुळे लोक त्यांना 'नासोने', म्हणजे मोठे नाक, म्हणतात. तोटीचे तोंड बोटाने दाबले की वरच्या बारीक छिद्रातून पाण्याची धार उडते आणि वाकून पिता येते. पहिल्या दिवशी अर्धी मुले याच खेळात भिजली.

जेवणाचे मात्र आधी ठरवा. साधा टोमॅटो आणि चीज घातलेला पिझ्झा सगळीकडे मिळतो. पण सॉसमध्ये डुकराचे मांस असू शकते आणि गोड पदार्थांत कधी कधी दारू घातलेली असते. तिरामिसू नावाच्या प्रसिद्ध मिठाईत तर पुष्कळदा असते. म्हणून दोन शब्द पाठ करा. 'सेन्त्सा' म्हणजे 'शिवाय' आणि 'कार्ने' म्हणजे 'मांस'. 'सेन्त्सा कार्ने' म्हटले की वाढपी समजतो. शाकाहारी मित्र बरोबर असतील तर त्यांनाही हेच शब्द उपयोगी पडतात.

रोमहून वेगवान गाडीने नेपल्सला सव्वा तासात पोचता येते. नेपल्सच्या पुरातत्त्व संग्रहालयात आम्ही हजारो वस्तूंमधून मुख्यतः एकच वस्तू पाहायला गेलो होतो. ती आहे हस्तिदंताची एक छोटी पुतळी, जेमतेम वीतभर उंच. १९३८ साली पाँपेई येथील एका घरात ती सापडली. तिचे दागिने आणि तिची ठेवण पाहताच कळते की ती भारतीय आहे. ज्या घरात ती सापडली, त्या घरालाच आता 'भारतीय पुतळीचे घर' म्हणतात. ही पुतळी एका वेगळ्या दालनात ठेवलेली असते. ते दालन उघडे आहे का, हे आदल्या दिवशी विचारून घ्या.

आता वहीची डावी बाजू पाहा. ही पुतळी लक्ष्मीची आहे, असे आधी सांगितले गेले. पुढे काही अभ्यासकांनी ती यक्षी असावी असे म्हटले. ती मथुरेकडे घडवली असावी, असाही एक अंदाज होता. नंतर आपल्या जालना जिल्ह्यातील भोकरदन येथे उत्खनन झाले आणि तेथे तिच्याशी मिळतीजुळती हस्तिदंती मूर्ती सापडली. म्हणून ती महाराष्ट्रातच घडवली गेली असावी, असे आता पुष्कळ जण मानतात. त्या काळी पैठण आणि तेर येथील माल बैलगाड्यांतून भडोच बंदरात जाई आणि तेथून जहाजांनी रोमन साम्राज्यात पोचे. आमच्या गटात जालन्याकडचा एक मुलगा होता. तो त्या काचेच्या कपाटापुढून हलेना. पण त्यानेही उजव्या बाजूला फक्त एवढेच लिहिले, 'हस्तिदंताची पुतळी, भरपूर दागिने, दोन बाजूंना दोन लहान आकृती.' भोकरदन त्याने डावीकडे लिहिले. मला त्याचे कौतुक वाटले.

नेपल्सहून छोट्या गाडीने पाऊण तासाच्या आत पाँपेई येते. इसवी सन ७९ मध्ये व्हेसुव्हियस ज्वालामुखीचा उद्रेक झाला आणि हे संपूर्ण शहर राख आणि दगडांखाली गाडले गेले. १७४८ साली तेथे खोदकाम सुरू झाले. आजही सुमारे एक तृतीयांश शहर जमिनीखाली आहे. "ते का खोदत नाहीत?" असे मुलांनी विचारले. उघडी पडलेली भिंत ऊन आणि पावसाने झिजते. जे गाडलेले आहे ते सुरक्षित आहे. पुढच्या काळातील लोकांजवळ अधिक चांगली साधने असतील, त्यांच्यासाठीही काही ठेवायला हवे.

तेथे जाताना एक गोष्ट ध्यानात ठेवा. २०२४ च्या नोव्हेंबरपासून पाँपेईत एका दिवसात जास्तीत जास्त २०,००० लोकांनाच सोडतात आणि तिकिटावर नाव असते.

आम्ही मुलांच्या तिघातिघांच्या तुकड्या केल्या आणि प्रत्येक तुकडीला एक रस्ता नेमून दिला. मार्गदर्शकाला विनंती केली की पहिला तास काहीही सांगू नका. मुलांनी काय शोधले पाहा. रस्त्याच्या दगडांत गाड्यांच्या चाकांनी खोल चाकोऱ्या पडल्या आहेत. रस्त्यात मध्ये मध्ये उंच दगड मांडलेले आहेत. रस्त्यावरून पाणी आणि घाण वाहत असे, म्हणून पाय न भिजवता पलीकडे जाण्यासाठी ते दगड. दोन दगडांमध्ये चाक जाईल एवढी फट. एका चौकात पाण्याचा हौद आहे. त्याची दगडी कड एका जागी गुळगुळीत होऊन खोलगट झाली आहे. का बरे? एका मुलाने वाकून पाणी पिण्याची नक्कल केली, तर त्याचा हात नेमका त्या खोलगट जागी टेकला. दोन हजार वर्षांपूर्वी लोक तेथेच हात टेकून पाणी पीत असत! बेकरीत काळ्या दगडाची मोठी जाती आणि भट्टी आहे. जळून कोळसा झालेले पाव तेथे सापडले. त्या पावांवर आठ तुकड्यांच्या खुणा आहेत.

उद्रेकाच्या वेळी प्लिनी नावाचा सतरा वर्षांचा मुलगा समुद्राच्या पलीकडून ते सर्व पाहत होता. त्याचे मामा लोकांना वाचवायला जहाज घेऊन गेले आणि परत आले नाहीत. पुढे मोठेपणी त्याने इतिहासकार टॅसिटसला दोन पत्रे लिहिली. त्या पत्रांमुळे आपल्याला ही हकीकत कळते. त्या पत्रांच्या जुन्या प्रतींवरून उद्रेकाची तारीख २४ ऑगस्ट मानली जाई. २०१८ साली एका भिंतीवर कोळशाने लिहिलेली एक ओळ सापडली. तिच्यात आपल्या १७ ऑक्टोबरची तारीख आहे. म्हणून उद्रेक ऑक्टोबरमध्ये झाला असावा, असे आता अनेक अभ्यासकांना वाटते. आम्ही तेथे ऑक्टोबरच्या अखेरीसच होतो. हवा कशी होती, झाडांवर कोणती फळे होती, हे मुलांनी मुद्दाम टिपून ठेवले.

पाँपेईत एक जागा अशी आहे की तेथे गटप्रमुखाने आधी थांबून दोन शब्द बोललेच पाहिजेत. राखेत गाडलेल्या माणसांची शरीरे कालांतराने नष्ट झाली, पण राखेत त्यांच्या आकाराच्या पोकळ्या राहिल्या. १८६३ साली ज्युसेप्पे फियोरेल्ली यांनी त्या पोकळ्यांमध्ये पातळ प्लॅस्टर ओतले. प्लॅस्टर घट्ट झाल्यावर भोवतीची राख काढली, तेव्हा ती माणसे पुन्हा दिसू लागली. कोणी तोंड झाकलेले, कोणी कुशीवर पडलेले. बाहेरून ते पुतळे वाटतात. पण त्यांच्या आत खरी हाडे आहेत. येथे हसू नका, पाठ करून फोटो काढू नका, एवढेच मी सांगितले. बराच वेळ कोणी बोलले नाही. मग आठवीतली एक मुलगी हळूच म्हणाली, "सर, यांना दफन कोणी केले?" मला उत्तर देता आले नाही. सहशिक्षिकेने तिचा हात धरला आणि आम्ही पुढे गेलो.

या संदर्भात आणखी एक गोष्ट घडली. सहलीच्या तयारीच्या तासाला मी मुलांना अशाच एका ठशाचे छायाचित्र दाखवले होते. हातात सोन्याचे कडे आणि जवळ लहान मूल. 'ही आई आणि तिचे बाळ', असे मी सांगितले होते, कारण पुस्तकांत तसेच लिहिलेले होते. आम्ही परत आल्यावर, त्याच नोव्हेंबरमध्ये एक संशोधन प्रसिद्ध झाले. शास्त्रज्ञांनी त्या ठशांतील हाडांची डीएनए तपासणी केली होती. कडे घातलेली ती व्यक्ती पुरुष निघाली आणि त्या मुलाशी तिचे रक्ताचे नाते नव्हते. मी वर्गात जाऊन मुलांना तसे सांगितले. अनेकांनी ते वाक्य उजव्या बाजूला लिहिले होते. छायाचित्रात आई आणि बाळ 'दिसत' होते ना! पण दिसत होती ती एक मोठी व्यक्ती आणि एक लहान मूल. आई हा शब्द आमचा होता. मग तो कोण होता? शेजारी? नोकर? की त्या गोंधळात मुलाला उचलून घेणारा एखादा अनोळखी माणूस? मुले तासभर यावर बोलत होती.

नेपल्सहून पालेर्मोला जाणारी गाडी नऊ-दहा तास घेते. वाटेत मेसिनाची सामुद्रधुनी लागते. तेथे पूल नाही. मग गाडी समुद्र कशी ओलांडते? गाडीचे डबे तुकड्यातुकड्यांनी जहाजाच्या पोटात ढकलतात, जहाज पलीकडे जाते आणि डबे पुन्हा रुळांवर येतात. मुले जिने चढून जहाजाच्या वरच्या मजल्यावर पळाली. मी खाली एकदा आणि वर एकदा अशी दोनदा गिनती घेतली.

इक्बाल यांनी १९०८ साली युरोपातून समुद्रमार्गे परत येताना सिसिली पाहून 'सिक़लिया' ही नज्म लिहिली. तिच्यात त्या बेटाच्या गतवैभवाबद्दलचे दुःख आहे. आमच्या काही मुलांना ती माहीत होती आणि त्यांच्या मनात सिसिलीचे एक चित्र आधीच तयार होते. पण गटप्रमुखाने पुरी हकीकत सांगायला हवी. अरबांनी ८२७ पासून हे बेट बायझंटाइन सम्राटांकडून लढाई करून घेतले. नॉर्मन लोकांनी १०७२ मध्ये पालेर्मो अरबांकडून लढाई करूनच घेतले. नॉर्मन राजांनी अरब कारागीर आणि कारकून कामावर ठेवले. राजा दुसरा रॉजर याच्या दरबारात अल्-इद्रीसी या भूगोलतज्ज्ञाने ११५४ मध्ये जगाचे वर्णन करणारा ग्रंथ पुरा केला. त्याच्या नकाशात दक्षिण दिशा वर आहे. आपल्याला तो उलटा धरावा लागतो! पुढे तेराव्या शतकात सम्राट दुसरा फ्रेडरिक याने सिसिलीतील मुसलमानांना बेटावरून हलवून लुचेरा या गावी नेले. चांगले आणि वाईट, दोन्ही त्याच मातीत घडले.

पालेर्मोत मुलांना परके वाटले नाही. जुन्या ज्यूंच्या वस्तीत रस्त्यांच्या पाट्या इटालियन, हिब्रू आणि अरबी अशा तीन लिपींत आहेत. सहा दिवस मुले पाट्यांपुढे मुकी होती. येथे ती धावत जाऊन पाट्या वाचू लागली. बल्लारो बाजारात बेसनाच्या तळलेल्या वड्या पावात घालून विकतात. त्यांना 'पानेल्ले' म्हणतात. आपल्या भज्यांची ती चुलत भावंडेच. बाजारात एक खेळ खेळा. साखरेला इटालियनमध्ये 'झुक्केरो' म्हणतात. अरबीत 'सुक्कर', फारसी-उर्दूत 'शकर', मराठीत 'साखर' आणि संस्कृतात 'शर्करा'. संत्र्याला 'अरांचा', म्हणजे आपले 'नारिंग'. कापसाला 'कोतोने', अरबीत 'कुत्न'. आमच्या मुलांनी एका सकाळी असे नऊ शब्द गोळा केले. त्यांतील दोन चुकीचे निघाले.

झीझा नावाचा एक जुना राजवाडा आहे. त्याचे नाव 'अल्-अज़ीज़ा' या अरबी शब्दावरून आले. तेथे ११४९ चा एक स्मृतिशिलालेख आहे. एका ख्रिस्ती धर्मगुरूने आपल्या आईच्या स्मरणार्थ तो लॅटिन, ग्रीक, अरबी आणि हिब्रू अशा चार लिपींत कोरून घेतला. आपल्या आईबद्दल सर्व शेजाऱ्यांना वाचता यावे, असे त्याला वाटले असेल का? हा माझा तर्क आहे, डाव्या बाजूलासुद्धा लिहू नका.

शेवटच्या दिवशी आम्ही पालेर्मोच्या मोठ्या चर्चला, म्हणजे कॅथेड्रलला गेलो. त्याच्या दक्षिणेकडील दारापुढे खांबांची ओवरी आहे. डावीकडच्या खांबावर अरबी लेख कोरलेला आहे. मी काहीच सांगितले नाही. मुले दाराकडे चालली होती. एवढ्यात अकरा क्रमांकाची मुलगी थांबली आणि खांबाजवळ गेली. अक्षरे जुन्या वळणाची आहेत, पटकन लागत नाहीत. तिने बोटाने हवेत एकेक अक्षर जुळवले आणि मग एक शब्द वाचला. दोन मुले पुढे आली. त्यांनी आणखी दोन वाचले. कुराणातील सूरह अल्-आराफमधली ती आयत आहे. भोवतीचे प्रवासी आमच्या मुलांकडे पाहू लागले. एका वृद्ध इटालियन बाईने खुणेने विचारले की येथे काय लिहिले आहे. अकरा क्रमांकाने आपल्या मोडक्या इंग्रजीत तिला अर्थ सांगितला.

मग मुलांमध्ये वाद सुरू झाला. हे पान कसे लिहायचे? एक जण म्हणाला, "येथे पूर्वी मशीद होती आणि हा खांब त्या मशिदीचा आहे. उजवीकडे लिहा." दुसरा म्हणाला, "मशीद तू पाहिलीस का?" ती चर्चा बसमध्येही चालू राहिली. शेवटी बहुतेकांनी आयत उजवीकडे लिहिली आणि मशीद डावीकडे. जुन्या मशिदीच्या जागी हे चर्च उभारले आणि खांब तिचाच असावा, असे पुस्तके सांगतात. दोन मुलांनी मात्र मधल्या रेघेवरच लिहिले. मी ते खोडायला लावले नाही.

विमानतळावर बॅगा वजनकाट्यावर ठेवण्यापूर्वी मी शेवटची गिनती घेतली. ऊनो, दुए, त्रे... तेर्मिनीला राहिलेल्या मुलाचा क्रमांक अठरा होता. तो सर्वांत मोठ्याने ओरडला, "दिचोत्तो!"